वारजेच्या भुवया

पुण्यात बाईला तिचं वय विचारायची सोय नाही, पण पार्लरमध्ये गेलं की ते न विचारताच जाहीर होतं. दारातून आत शिरताच "ताई, बसा" असं आलं तर पस्तिशीच्या आतबाहेर. "काकू, जरा मान मागे" आलं की चाळिशी उलटली. त्यापुढे आजी म्हणतील असं वाटतं, पण या धंद्यात आजी कुणालाच करत नाहीत. केसांत चांदी दिसू लागली की थेट "मॅडम" होतं, कारण त्या वयाला फेशियल विकायचं असतं. मी सध्या दोन्ही पदांवर आहे. भुवया करायला बसले की काकू, आणि "स्किन किती ड्राय झालीय हो तुमची" सुरू झालं की मॅडम. मॅडम ऐकलं की मी पर्स जवळ ओढते.

वारजेत राहून हे टाळता येत नाही, कारण वारजेत पार्लर टाळता येत नाही. 1997 साली गाव महापालिकेत आलं. आधी मळे होते, मग बायपास झाला, मग बायपासच्या दोन्ही अंगांना सोसायट्या उभ्या राहिल्या. सातारा-सांगलीकडची, लातूर-उस्मानाबादकडची, कोकणातली माणसं वन बीएचके घेऊन स्थिरावली. प्रत्येक इमारतीच्या तळमजल्यावर गाळे आले आणि गाळ्यांत ठरलेली मंडळी आली: डॉक्टर, मेडिकल, पोळी-भाजी केंद्र, झेरॉक्स आणि पार्लर. गाळा परवडला नाही तर पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटचा हॉल. एनडीए रस्त्याने गणपती माथ्याकडे चालत निघावं तर पाट्या वाचून मान दुखते, आणि मान दुखलीच तर "हेड अँड नेक मसाज" अशी पाटीही समोरच असते.

जुन्या पाट्यांवर हमखास एका बाईचं चित्र असायचं. लांब मान, उडणारे केस, मिटलेले डोळे. खाली "फक्त महिलांसाठी". ती बाई कोण, हे कुणालाच माहीत नाही, पण तिने अख्ख्या महाराष्ट्रात एकाच वेळी डोळे मिटून घेतले होते. हल्ली ती दिसत नाही. पार्लरचं सलून झालं, सलूनचा स्टुडिओ झाला, आणि दोन मुली शिकायला आल्या की स्टुडिओची अकॅडमी होते. गाळा तेवढाच राहतो.

आमच्या सोसायटीखालचं पार्लर ज्या ताई चालवतात त्यांचं नाव मी सांगत नाही. त्यांना विचारलेलं नाही, आणि तशी गरजही नाही. वारजेत कुठल्याही इमारतीखाली डोकावा, थोड्याफार फरकाने याच ताई भेटतील. लग्न होऊन कराडकडून आल्या. नवरा शिवण्याच्या कारखान्यात पाळीवर. मुलगा बालवाडीत जाऊ लागला तशी सकाळ मोकळी झाली, तेव्हा कर्वेनगरातल्या एका पार्लरमध्ये शिकायला जाऊ लागल्या. घरी सांगितलं, "विरंगुळा म्हणून शिकतेय." मराठी घरात बाईने धंदा काढायचा तर सुरुवातीला त्याला विरंगुळाच म्हणावं लागतं. शिवण, मेंदी, पापड, शिकवण्या हे सगळे विरंगुळेच. विरंगुळ्यातून घराचे हप्ते जायला लागले की सासूबाई बाहेर सांगायला लागतात, "आमच्या सुनेचा बिझनेस आहे."

त्यातही पार्लरचा विरंगुळा घरच्यांच्या गळी उतरवणं शिवणाहून अवघड. शिवणात दुसऱ्याच्या अंगाला टेप लावावी लागते, इथे दुसऱ्याचे पाय मांडीवर घ्यावे लागतात. पेडिक्युअर म्हणजे काय हे ताईंच्या सासऱ्यांना समजलं त्या दिवशी ते जेवले नाहीत. गावच्या नाभिकाला वर्षाकाठी बलुतं घालणाऱ्या घरातले ते. आपल्या सुनेने तेच काम करावं, तेही पैसे घेऊन, हे त्यांच्या हिशेबात बसेना. शेवटी ताईंनी त्यांना सांगितलं की हे कॉस्मेटॉलॉजी आहे. ते बसलं. मला वाटतं, बायकांच्या पार्लरला जात चिकटली नाही ती यामुळेच, की ते इंग्रजी नावाने आलं. पुरुषांच्या कटिंगच्या दुकानाला अजूनही लोक मालकाची जात विचारतात. फेशियल करणारीची जात विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. आलंच तर तोवर तोंडावर पॅक लावलेला असतो आणि बोलायला मनाई असते.

शिकायची सुरुवात स्वतःच्या पोटरीपासून. दोऱ्याला मधे पीळ द्यायचा, एक टोक दातात धरायचं, उरलेला दोरा दोन्ही हातांच्या बोटांत ताणायचा आणि पीळ पुढेमागे सरकवत केस मुळातून उपटायचा. सांगायला दोन ओळी, हात बसायला दोन महिने. पोटरीवरचे केस संपले की नणंद, मग जाऊ, मग शेजारीण. शिकाऊ मुलीच्या घरातल्या बायका तेवढा काळ सतत आश्चर्यचकित दिसतात. मी अशा एका घरी हळदीकुंकवाला गेले होते, तर दारातच मला वाटलं, यांना माझ्या येण्याचा धक्का बसलाय.

रीतसर शिक्षणाच्या वाटाही आहेत. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा वर्षाचा अभ्यासक्रम आहे आणि फीच्या मानाने तो फार चांगला आहे, पण तिथे जायचं तर सकाळी डबा घेऊन निघावं लागतं, नेमकं तेच लग्न झालेल्या मुलींना जमत नाही. खासगी अकॅडम्यांत तीन महिन्यांपासून वर्षापर्यंत, खिशाप्रमाणे. अगदी वरच्या टोकाला सिडेस्को, म्हणजे 1946 साली युरोपात निघालेल्या संस्थेचा डिप्लोमा. तो मिळाला की बोटीवर, परदेशी हॉटेलांत काम मिळायला सोपं जातं. ताईंकडे यातलं काही नाही. त्यांच्या भिंतीवर फ्रेम केलेली चार-पाच सर्टिफिकेटं आहेत, त्यातलं सगळ्यात मोठं हेअर कलरच्या कंपनीने भरवलेल्या एका दिवसाच्या सेमिनारचं आहे. गिऱ्हाईक कधी ते वाचत नाही. गिऱ्हाईक आरशात बघतं.

भांडवलाची गोष्ट मात्र गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर घडते, कारण बहुतेक वेळा ते गिऱ्हाइकाचंच असतं. 2015 साली मुद्रा योजना आली, तिच्या "शिशु" गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळतं. पन्नास हजारांत खुर्ची येते, वॅक्स हीटर येतो, स्टीमर येतो, फार तर शॅम्पूचं बेसिन बसतं. एसी येत नाही, आणि गाळ्याचं डिपॉझिट तर मुळीच नाही. म्हणून शिशूला भिशीची जोड द्यावी लागते. ताईंच्या पार्लरमधली भिशी अशीच सुरू झाली. पहिला हप्ता ताईंनी उचलला आणि आम्ही सगळ्यांनी आपापल्या पैशांवर केलेल्या एसीच्या गारव्यात बसून, पैसे देऊन, भुवया करून घेतल्या. बोहरी आळीतून घाऊक भावात टॉवेल, कापूस, वॅक्सच्या पट्ट्या आल्या. बाकीची भर ताईंच्या पाटल्यांनी घातली. त्या पाटल्या दोन वर्षांनी सुटल्या, पण हातात परत आल्या नाहीत, पतसंस्थेतून निघून थेट लॉकरमध्ये गेल्या. वॅक्सच्या कामात सोनं घालता येत नाही, असं त्या सांगतात. मला वाटतं, पुढचा गाळा त्यांच्या डोळ्यांसमोर असणार.

सरकारी बाजू त्या मानाने सोपी. थोडीच माणसं कामाला असतील तर 2017 च्या कायद्याप्रमाणे शॉप ॲक्टसाठी नुसतं ऑनलाइन कळवलं तरी भागतं. सरकारचं समाधान इतकं स्वस्तात होतं. सोसायटीच्या कमिटीचं होत नाही. पाणी फार जातं, ड्रेनेजमध्ये केस अडकतात, अनोळखी बायकांची ये-जा वाढली, असे मुद्दे वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर आले. सभेच्या आदल्या दिवशी सेक्रेटरींच्या सौभाग्यवती गोल्ड फेशियल करून गेल्या. सभेत तो विषय वेळेअभावी पुढे ढकलण्यात आला. तेव्हापासून दर वर्षी तो वेळेअभावी पुढे ढकलण्यात येतो, आणि दर वर्षी सभेच्या आदल्या दिवशी सौभाग्यवतींचा चेहरा तेजःपुंज असतो.

पार्लर चालवायला लागणारं पुस्तक कुठलं, असं मी एकदा ताईंना विचारलं. मला वाटलं हेअर स्टाइलचं एखादं सांगतील. त्यांनी ड्रॉवरमधून पंचांग काढलं. खरंच आहे. तुळशीचं लग्न लागलं की नवऱ्या मुली यायला लागतात. साखरपुड्याचा एक लुक, हळदीचा दुसरा, सप्तपदीचा तिसरा, रिसेप्शनचा चौथा. मराठी लग्नाचा मुहूर्त सकाळचा, म्हणून पहाटे चारला डीपी रोडवरच्या कुठल्या तरी कार्यालयाच्या वधूपक्षाच्या खोलीत ताई एअरब्रशचं यंत्र सुरू करून उभ्या. नऊवारी नेसवण्याचे वेगळे पैसे, खोप्याचे वेगळे, आणि नवरीच्या मावशीने "माझा पण जरा अंबाडा घाल गं" म्हटलं तर त्याचे काहीच नाहीत. आषाढात चातुर्मास लागला की नवऱ्या मुली थांबतात. मग श्रावणातली मंगळागौर, हरतालिकेच्या आदल्या दिवशीची रांग, गौरींचे तीन दिवस, नवरात्रात नऊ रंगांची नखं. गुरू किंवा शुक्राचा अस्त झाला की आकाशात काय होतं ते खगोलवाल्यांना विचारा. वारजेत ताईंकडच्या एका मुलीचा पगार उशिरा होतो. 2026 साली तर अधिक महिना नेमका ज्येष्ठाचा, म्हणजे 17 मे ते 15 जून, ऐन लगीनसराईत. ताईंनी तो कधीच पाहून ठेवला होता. म्हणाल्या, "जावयांना धोंडे मिळतात, आम्हाला नुसता धोंडा."

पंचांगात नसलेलं संकट एकच आलं. 2020 च्या मार्चमध्ये कोरोनामुळे शटर खाली गेलं. तीन महिने गाळ्याचं भाडं बाहेर आणि आत काहीच नाही. व्हिडिओ कॉलवर एकमेकींच्या भुवया बघून आम्ही एकमेकींना धीर देत होतो. 28 जूनपासून सरकारने परवानगी दिली, तीही मोजूनमापून: केस कापणं, रंगवणं, वॅक्सिंग, थ्रेडिंग चालेल, त्वचेशी संबंधित सेवा चालणार नाहीत. वॅक्सिंगचा त्वचेशी संबंध नाही असं ज्याने कागदावर उतरवलं त्याचं वॅक्सिंग आयुष्यात कधी झालेलं नाही, हे वारजेतल्या प्रत्येक बाईला त्या दिवशी कळून चुकलं. आणि थ्रेडिंगला परवानगी मिळाली तरी दोरा दातात धरायचा कसा? तोंडाला मास्क. ताईंनी दोऱ्याचं टोक गळ्यात अडकवून काम करायची दुसरी रीत उचलली. या वयात हात नव्याने बसवला, पुन्हा स्वतःच्या पोटरीवर.

त्यानंतरचं संकट जीएसटीचं, आणि ते संकट नव्हतंच, ही त्यातली गंमत. 22 सप्टेंबर 2025 पासून सलूनच्या सेवांवरचा कर अठरा टक्क्यांवरून पाचवर आला. बातमी टीव्हीवर दिसताच आमच्या इमारतीतल्या बायका खाली उतरल्या. "काय ताई, आयब्रो आता कितीला?" ताई म्हणाल्या, पन्नास. "अहो पण कर कमी झाला ना!" ताईंची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत, म्हणजे त्यांना नोंदणीच लागत नाही. त्यांनी कर कधी लावलाच नव्हता, मग कमी काय करणार? हे तेरा टक्के आपल्याला मिळायला हवे होते आणि ताईंनी ते खाल्ले, असं मानणाऱ्या दोन बायका अजून आमच्या मजल्यावर आहेत. मोठ्या सलूनवाल्यांची तऱ्हा निराळी. पाच टक्क्यांच्या बदल्यात त्यांचं इनपुट क्रेडिट गेलं, म्हणजे भाड्यावर, मालावर भरलेला कर आता वळता होत नाही. त्यांच्या हिशेबनिसांच्या कपाळावरच्या आठ्यांवर कुठलंही फेशियल चालणार नाही.

हे सगळं भाडं, भिशी, पंचांग, कर ताई सांभाळतात. पण त्यांच्या जिवाला घोर असतो तो मुलींचा. मुली म्हणजे कामाला असलेल्या मुली. शिवणे, उत्तमनगर, कोंढवे धावडे इकडून स्कूटीवर नाहीतर पीएमपीने येणाऱ्या. दहावी-बारावी झालेल्या, काही लग्न झालेल्या, काही लग्न मोडून माहेरी आलेल्या. आल्या की आधी झाडू, मग टॉवेल धुणं, मग वॅक्सची पट्टी ओढणं, मग दोरा. दोन-तीन वर्षांत हात तयार होतो आणि गिऱ्हाईक ताईंना सोडून त्या मुलीसाठी थांबायला लागतं. "ती येऊ दे, मी बसते." हे वाक्य ऐकलं की ताई समजतात, मोबाइलमध्ये नंबर गोळा व्हायला लागले. सहा महिन्यांत मुलगी कुठलं तरी कारण सांगून काम सोडते. सासू आजारी, नवऱ्याची बदली, पाठ दुखते. आणि पुढच्या गुढीपाडव्याला अतुलनगरात नाहीतर रामनगरात नवी पाटी लागते.

ताई मग आठवडाभर संतापलेल्या असतात. ज्या पानात खाल्लं त्याच पानाला, वगैरे. खुर्चीत मान मागे टाकून पडलेल्या बाईला हे ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नसतं, त्यातून ताईंच्या हातात दोरा. पण मला माहीत आहे ते मी मनातल्या मनात म्हणते: कर्वेनगरातल्या ज्या पार्लरमध्ये ताई शिकल्या, ते सोडताना त्यांचीही पाठच दुखली होती म्हणे. तिथल्या बाईही आठवडाभर अशाच बोलत असणार. आणि त्या बाईंची बाई कुठल्या तरी सदाशिव पेठेतल्या माडीवर. हा धंदा असाच पसरतो. केळीला खोडाशी पिल्लं फुटतात, ती काढून दुसरीकडे लावायची असतात, नाही काढली तर मूळ केळच खंगते. ताईंकडून निघालेल्या मुली आज वारजे, शिवणे, कर्वेनगर मिळून किती ठिकाणी पाटी लावून बसल्यात ते त्यांनाच विचारावं. रागाच्या भरात त्या सगळ्यांची नावं सांगतात. प्रत्येकीचं नाव, पाटी आणि भाडं सुद्धा. इतकी बारीक खबर शत्रूची कुणी ठेवत नाही.

या सगळ्याला वारजेचा शेजार कारण आहे असं म्हणायचा मोह होतो, आणि मी तो आवरणार नाही. शेजारचं कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणे. धोंडो केशव कर्व्यांनी 1896 साली पुण्यात अनाथबालिकाश्रम काढला आणि 1900 साली तो या माळावर आणला. कर्वे फर्ग्युसनात शिकवायचे आणि पुणे ते हिंगणे चालत जायचे-यायचे. आश्रम विधवांसाठी, त्यातल्या कितीकींच्या डोक्यावर केस ठेवायची मुभा घरच्यांनी दिलेली नव्हती. कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले अशाच सोवळ्या. आश्रमासाठी वर्गणी मागत त्या गावोगाव हिंडल्या, आणि पुढे त्यांनी स्वतःच ठरवून केस वाढवले. त्याआधी 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली होती. विधवेच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. हातातलं काम, मिळणारे पैसे, आणि तरी हे करणार नाही म्हणायचं. केसांच्या धंद्याच्या इतिहासात यापेक्षा मोठा दिवस मला माहीत नाही. ब्युटी अकॅडमीच्या पहिल्या धड्यात तो असायला हवा, केराटिनच्या आधी.

ज्या माळावर केस गमावलेल्या बायका स्वतःच्या पायावर उभ्या राहायला शिकल्या, त्याच्याच कडेला आज बायका बायकांच्या केसांवर घर चालवतात. यात योगायोग किती आणि वारसा किती ते इतिहासवाल्यांनी ठरवावं. पण हिंगण्याहून शिकून गेलेल्या बाईने दुसऱ्या गावी जाऊन शाळेत शिकवावं, तिथल्या चार मुली पुढे पाठवाव्यात, ही साखळी मला ओळखीची वाटते. तिथे कुणी आठवडाभर संतापत नसेल एवढंच. नाहीतर संतापतही असतील.

या साखळीला आता एक नवा गडी सामोरा आला आहे, तो फोनमध्ये राहतो. 2014 साली अर्बनक्लॅप म्हणून निघालेली आणि आता अर्बन कंपनी म्हणवणारी कंपनी सप्टेंबर 2025 मध्ये शेअर बाजारातही उतरली. घरी बाई येते, सोबत पेटी, एकदाच वापरायच्या चादरी, सीलबंद वॅक्स. माझी सूनबाई तेच बोलावते, आणि खरं सांगायचं तर काम स्वच्छ असतं. येणाऱ्या बाईला कंपनी "पार्टनर" म्हणते. 2021 च्या ऑक्टोबरात गुरुग्राममध्ये कंपनीच्या कचेरीबाहेर या पार्टनर बायकांनी कमिशन आणि अटींवरून धरणं धरलं होतं, तेव्हा भागीदारी नेमकी कशात आहे हा प्रश्न बऱ्याच जणांना पडला. मला तेवढं अर्थशास्त्र कळत नाही. माझी शंका साधी आहे. ताईंकडची मुलगी दोन-तीन वर्षांनी पाठ दुखवून घेऊन मालकीण होते. ॲपवरच्या मुलीची पाठही दुखत असेलच, पण तिच्या मोबाइलमध्ये माझा नंबर राहत नाही. रेटिंग मात्र 4.8 आहे.

ताईंना ॲपची भीती वाटते का विचारलं. म्हणाल्या, "पावसाळ्यात वाटते. पण ॲपवर भिशी लावता येते का?" आणि मग थोडं थांबून, "आणि घरी बोलावलं की घरातच राहायचं ना. इथे येतात त्या घरातून सुटायला येतात." हे खरं आहे. नवऱ्याला "पार्लरला जाते" म्हणून निघालेली बाई दीड तास कुणाच्या हाती लागत नाही. तोंडावर पॅक, डोळ्यांवर काकडी, फोन पर्समध्ये. कुणी "अगं, माझे मोजे कुठायत" विचारू शकत नाही. त्या दीड तासाचे पैसे पॅकच्या नावाने घेतात इतकंच. मोजे त्या दिवशी नवऱ्याला आपोआप सापडतात, हा पार्लरचा न जाहिरात केलेला फायदा.

आता माझी अडचण सांगते. ताईंकडे इतकी वर्षं माझ्या भुवया करायची ती मुलगी, उत्तमनगरची, तिची पाठ मागच्या दिवाळीनंतर दुखायला लागली. पाडव्याला पाटी लागली. मला व्हॉट्सॲपवर पत्रिका आली: उद्घाटनानिमित्त तीन आयब्रोवर एक मोफत. आता मी गिऱ्हाईक कुणाची? खुर्ची ताईंची, एसी आम्हा सगळ्यांचा, पण भुवया तर त्या मुलीने घडवलेल्या. बँक बदलली तर कुणाला कळत नाही. डॉक्टर बदलला तर फाइल लपवता येते. भुवया कपाळाखालीच असतात, आणि त्या घेऊन मला रोज ताईंच्या काचेसमोरून दूध आणायला जायचं असतं. आठवडाभर मी गॉगल लावून दूध आणलं. दूधवाल्याने विचारलं, डोळे आलेत का.

शेवटी गेले नव्या पार्लरला. गाळा चिमुकला, रंगाचा वास अजून ताजा, भिंतीवर सर्टिफिकेट एकच, आणि ते ताईंच्या अकॅडमीचं, ताईंच्या सहीचं. मुलीने भुवया केल्या, थोड्या घाईत, कारण बाहेर तिघी थांबलेल्या. परत येताना भाजीसाठी थांबले तर मेथीची जुडी निवडत ताई उभ्या. गॉगल पर्समध्ये. ताईंनी माझ्या डोळ्यांत पाहिलंच नाही, डोळ्यांच्या वर पाहिलं.

"डावी बारीक केली तिने," त्या म्हणाल्या. "डावीकडे ती नेहमी दोरा सैल सोडते. कितीदा सांगितलं तिला. हीटर चालतोय का तिचा? जुनाच दिलाय मी."

मी म्हटलं, चालतोय बहुतेक.

"चला, सारखं करून देते."

मेथीसकट आम्ही पार्लरमध्ये आलो. त्यांनी गळ्यात दोरा अडकवला, उजवी भुवई डावीच्या मापाला आणून दिली, फोन काढला आणि त्या मुलीला माझ्यासमोरच झापलं. मग माझ्याकडून पूर्ण पन्नास रुपये घेतले.